झोपणाऱ्या मशीनचा बंदोबस्त

रविवार, ४ ऑगस्ट. दुपारी १२

हिचा व्हिडिओ कॉल हुकला. दोष माझा नाही, मशीनचा आहे. कॉल अकराला यायचा, म्हणून मी पावणेअकरालाच कॉम्प्युटरचं मशीन चालू केलं आणि इस्त्रीचा शर्ट घालायला गेलो. (खाली पायजमाच. स्क्रीनवर माणूस खांद्यापर्यंतच दिसतो.) अकरा वाजून पाच मिनिटांनी येऊन बघतो तर मशीन गाढ झोपलेलं. पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही की झोपतं म्हणे. फारच लाडावलेलं आहे.

ही लेकीकडे आहे. बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून गेली, आता सातवा चालू आहे. मला त्याचं काही नाही. उलट घरात कसं शांत वाटतं. घड्याळसुद्धा ऐकू येतं.

संकल्प: आठवड्याभरात मशीनचा बंदोबस्त. स्वतः. कुणाला विचारायचं नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट

मेव्हण्याला विचारलं. मशीन त्याच्याच ऑफिसातून आलेलं, त्यामुळे हे विचारण्यात मोडत नाही. त्यात प्रोसेसर दोन आहेत, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे मशीनच्या हजेरीपटावर, एकच दिसतो; हे मला आधीपासूनच खुपतंय. दुसरा महिनाभर नुसता बसून खातोय. मेव्हणा म्हणाला, भावोजी, एकावर भागतंय ना, मग नसता उपद्व्याप कशाला? वर म्हणाला, ताईशी बोलायचंय तर मोबाइलवरून सरळ फोन लावा की.

त्याला काय कळतंय. कॉल हिनं करायचा. मी लावला तर हिला वाटेल, मला करमत नाही.

माझं निदान असं: एकटा प्रोसेसर राबून राबून थकतो, म्हणून मशीन झोपतं. दुसऱ्याला कामाला लावलं की झोपेचं नाव घेणार नाही. गोदामप्रमुख म्हणून पस्तीस वर्षं काढली आहेत. दोघांचं काम एकावर टाकलं की माणूस पोत्यावर आडवा होतोच.

गुरुवार, ८ ऑगस्ट. सकाळी १०

ड्रायव्हर बदलला, म्हणजे प्रोसेसरला कामाला जुंपणारा प्रोग्रॅम. यादीत सहा नावं होती, सगळी जुळ्या भावंडांसारखी. त्यातल्या त्यात भारदस्त नाव निवडलं. मशीन रीस्टार्ट. काळा पडदा. हे अपेक्षित होतं.

संध्याकाळी ६

अजून काळाच. इतका वेळ अपेक्षित नव्हतं.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

मेव्हणा येऊन गेला. मशीन सुरू झालं. भारदस्त नाव मात्र मी त्याला काढू दिलं नाही. त्यावर तो हसला, ते मला आवडलं नाही. जेवायला थांब म्हटलं, तर घरी वाट बघतायत म्हणाला. दोघांपुरता भात केला होता. उद्याला होईल.

रविवार, ११ ऑगस्ट. दुपारी १

आज विजय हातातोंडाशी आला होता. नवीन ड्रायव्हरमुळे मशीन झोपायचं बंद झालंय. मात्र आता ते बंदच होत नाही. अकराला दहा कमी असताना ताजंतवानं करावं म्हणून बंद करायला गेलो, तर पडद्यावर वाक्य आलं: आता संगणक बंद करायला हरकत नाही. आलं ते आलं, जाईना. मागचं बटण सापडेपर्यंत अकरा पंचवीस झाले. तेवढ्यात कॉल येऊन गेला असणार.

हरकत नाही म्हणे! आज दिवसभरात या घरात मला उद्देशून आलेलं हे एकच वाक्य.

बुधवार, १४ ऑगस्ट

लेकीची मेल. बाबा, आई विचारतेय, झालं का तुमचं?

म्हणजे हिला रस आहे! मी उगाच समजत होतो की माझ्या गोष्टी ही एका कानानं ऐकते आणि दुसऱ्यानं सोडून देते. ताबडतोब सविस्तर उत्तर लिहिलं. पॉवर मॅनेजमेंट म्हणजे काय, ड्रायव्हर म्हणजे काय, मी कुठवर आलोय. आकृत्या दोन. बाळाचा फोटो होता मेलला, छान आहे असं शेवटी लिहायचं राहिलं.

शनिवार, १७ ऑगस्ट

उत्तर नाही. वाचायला वेळ लागणारच.

रविवार, १८ ऑगस्ट. दुपारी २

झोपायचं बंद झालं असलं तरी या मशीनचा भरवसा नाही, म्हणून दहा ते एक माऊसवर हात ठेवून बसलो. दर पाच मिनिटांनी हलवायचा. मशीनला डुलकीसुद्धा लागू दिली नाही. कॉल आला नाही.

कारण सापडलं. वरून जागं दिसतं, पण आतून झोपलेलं असणार. असं होतं. माझंही होतं.

शनिवार, २४ ऑगस्ट. दुपारी ३

झालं! दोन्ही प्रोसेसर दिसतायत! भारदस्त नाव सोडून शेवटून दुसरं साधंसं नाव निवडलं, आणि काम फत्ते. पडद्यावर दोन आलेख. एक वर गेला की दुसरा खाली, मग दुसरा वर. अर्धा तास बघत बसलो. कुणाला तरी दाखवायला हवं होतं. कुरिअरवाला आला, त्याला आत बोलावलं. तो म्हणाला, काका, इथं सही करा.

उद्या हिला दाखवतो.

रविवार, २५ ऑगस्ट. दुपारी ३

आज शर्टाखाली पँटसुद्धा घातली. साडेदहापासून बसलो. मशीन टक्क जागं. अकरा झाले, बारा झाले, दोन वाजले.

कुठलीतरी एखादी सेटिंग राहिली आहे. संकल्प मोडून उद्या दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावतोय.

सोमवार, २६ ऑगस्ट. दुपारी १२

बाई आल्या. सगळं तपासलं. म्हणाल्या, काका, मशीन उत्तम आहे. झोपेचा आणि दुसऱ्या प्रोसेसरचा काही संबंध नाही. पॉवरच्या पानावर झोपेची वेळ असते, तिथं 'कधीच नाही' निवडायचं. एका क्लिकचं काम.

मी म्हटलं, ते असू दे, पण माझे कॉल कुठं जातात? त्या म्हणाल्या, मशीन झोपलेलं असलं तरी येऊन गेलेला कॉल यादीत दिसतो. यादी उघडली. ऑगस्टमध्ये काही नव्हतं. त्यांनी एकदा खाली-वर करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, यादी पुसली गेली असेल.

मीही म्हटलं, हो, पुसलीच गेली असेल. मग पाणी पिऊन त्या गेल्या.

दुपारी ४

यादी पुसलेली नाही. २८ जुलैचा हिचा कॉल आहे त्यात. चार मिनिटं बावीस सेकंद.

त्यातली तीन मिनिटं तरी मी दुसऱ्या प्रोसेसरबद्दल सांगत होतो. मग ही मध्येच काहीतरी विचारायला लागली. मी म्हणालो, थांब, आधी हे होऊ दे, मग बोलू.

काय विचारत होती, ते बाई गेल्यापासून आठवून बघतोय. आठवत नाही.