लाल गाडीच्या पोटातली हवा

बदनापूर,
वैशाखातली दुपार (तारीख पाहायला उन्हातून आत जावं लागेल)

चि. शिवशंकरराव यांस सासरे राधाकिसन यांचा भरभरून आशीर्वाद. ऊन सोडलं तर इकडे सगळं बरं आहे. तुमची पाठ कशी आहे? (जमिनीला टेकून चालणारी गाडी घेतलेल्या जावयाची पाठ विचारणं सासऱ्याचं कामच आहे.) तुम्ही फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. महिन्यापूर्वी आमच्या दारात तुमच्या गाडीतून वाफ निघाली, प्रांजली "मी म्हटलं न्हवतं?" म्हणाली, आणि तुम्ही गाडी व बायको दोन्ही इथंच ठेवून रेल्वेनं पुण्याला गेलात. त्या भांडणात मी पडत नाही. पण लेक महिनाभर गप्प आहे, आणि ते मला बघवत नाही. म्हटलं, निदान गाडी तरी बरी करावी. ती न्यायला तरी तुम्ही याल.

मदतीला साहेबराव बोलावला. (विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो, दोनच सीटांची गाडी पाहून पहिल्यांदा त्यानं मागची सीट कोणी चोरली ते विचारलं.) फाटलेला रबरी पाइप बदलला. इंजीन गार ठेवणारं जुनं पाणी, म्हणजे कूलंट, डब्यात काढून झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवलं, कारण ते गोड असतं आणि विषारी, आणि आमच्या शेळ्यांचा भरवसा नाही. नवं कूलंट गळ्यापर्यंत ओतलं. गाडी सुरू केली, तर दहा मिनिटांत तापमानाचा काटा पुन्हा वर! टाकी काठोकाठ, तरी इंजीन तापतंय. गाडी बंद करून ती गार होईस्तोवर आम्ही तीन चहा प्यालो.

मग साहेबराव गाडीखाली सरपटला. बाहेर आला तो हात जोडूनच. "भाऊ, ही तं आपली पाइपलाइन हाये! विहीर मागं, वावर पुढं. इंजीन शेपटीला, रेडिएटर नाकाला, अन् पोटाखालून लंबे पाइप. मधी हवा धरून राह्यली." खरं सांगतो जावईबापू, माझ्या अंगावर काटा आला. तीस वर्षं मी पाइपलाइनीच्या उंचवट्यावर हवा सोडत आलो, आणि कोण्या परदेशी इंजिनिअरनं तीच अक्कल एवढ्याशा गाडीत भरलेली! त्या माणसाचं कुठंतरी शेत असलंच पाहिजे.

तेवढ्यात प्रांजली बाहेर आली. महिन्यात पहिल्यांदा आपणहून. मोबाइलवर सगळं वाचून तिनं ताबा घेतला. पुढं हवा सोडायचे दोन स्क्रू असतात, त्यांना तिनं ठिबकच्या बारीक नळ्या लावायला सांगितल्या आणि कडुलिंबाच्या फांदीला उंच टांगायला लावल्या. साहेबराव मागं हळूहळू कूलंट ओतत होता, मी नळ्या धरून उभा, आणि हीटरच्या नळ्यांतलीही हवा निघावी म्हणून ती आत इंजीन चालू करून, हीटर पूर्ण लावून बसली. (वैशाखात हीटर! रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते.) नळीतून बुडबुडे निघाले, गुडगुड करत, किती तरी वेळ. मग हळूच हिरवी धार एकसंध झाली. आतून ती ओरडली, "बाबा, गरम हवा यायली!" बेचाळीस डिग्रीत गरम हवा आली म्हणून तीन माणसं टाळ्या पिटत होती. आणि ती हसत होती, शिवशंकरराव. मी बघतच राहिलो.

काटा आता बरोबर मधोमध राहतो. घरच्यांचा आशीर्वाद. साहेबराव नमस्कार सांगतो, गाडीलाही.

तुमचा,
राधाकिसन

ता.क. किल्ली प्रांजलीकडे आहे. मला देत नाही.

ता.क. दुसरा. खरं लिहायचं ते राहिलंच. अशी हवा काढण्याला इंग्रजीत ब्लीडिंग म्हणतात. प्रांजली गाडीतून ओरडली, "ब्लीडिंग अजून चालूच हाये!" आणि स्वयंपाकघरात तुमच्या सासूबाईंनी, आशाबाईंनी, ते ऐकलं. बाहेर येऊन बघायच्या आधी त्यांनी तुमच्या मातोश्री बेबीनंदाताईंना फोन केला, की पोरीला ब्लीडिंग सुरू झालंय, थांबंना, जावयाला जल्दी कळवा. मी खरं सांगायला फोन हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. माफ करा, पोर ठणठणीत आहे. पण हे पत्र पुण्यात तुमच्या हाती पडलं, तर मला फार वाईट वाटेल. घराला कुलूप होतं म्हणून पोस्टमननं ते परत आणून द्यावं, एवढीच इच्छा आहे.