आज्ञेआधीचं विशेषण

मळवली, १४ नोव्हेंबर

प्रिय मेजर अनघा,

आधी तक्रार, मग आशीर्वाद. रजेवर आलेल्या सहकाऱ्याहाती पाठवलेल्या पत्रात तू मला ‘तिर्थरुप’ केलंस. दोन्ही दीर्घ गिळलेस! एकतीस वर्षं लोणावळ्यात संस्कृत शिकवणाऱ्या बापाला पोटच्या मुलीनं असं दोन ठिकाणी आखूड करावं, हे कोणत्या युद्धनियमात बसतं?

बाकी पत्रात हवापाणी आणि तिथलं मक्याचं पीठ. इकडेही तसंच, भात झोडून झालं. शेजारच्या बंगल्याच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या नंदाबाई रोज विचारतात, “गुर्जी, परक्यांची फौज उभी कराया आपलीच पोर कशापायी? त्यांच्यात मान्सं न्हाईत व्हय?” म्हटलं, आहेत की, पण अकरा वर्षं एकमेकांवर गोळ्या झाडलेली. त्यांना एका पंगतीला बसवायचं तर वाढपी बाहेरचा लागतो. त्यावर म्हणाल्या, “मंग वाढून झालं की ये म्हनावं.”

गेल्या वर्षी तू त्या नव्या सैन्याची शपथ मराठीत करून फोनवर ऐकवलीस. जुनी नेत्याच्या नावानं होती, नवी संविधानाच्या. पण ‘प्रत्येक आज्ञा पाळीन’ तसंच राहिलं होतं. मीच ऐटीत म्हणालो, ‘प्रत्येक’ काढ, ‘कायदेशीर’ घाल. तू तसं करून घेतलंस, आणि ही बढाई मी शाळेत चार जणांना तरी ऐकवली.

दानिएलबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. तिथल्या सैनिकांच्या तुझ्या वर्गात सारखं ‘का?’ विचारायचा, तू फोनवर सांगायचीस आणि मी त्याला शंकासुर म्हणायचो, तोच. तुझ्या बहिणीनं, तेजलनं सांगितलं. धान्यासाठी जमलेल्या निःशस्त्र बायकांवर गोळी चालवायचा हुकूम त्यानं नाकारला, शपथेतलं ते वाक्य म्हणून दाखवलं, आणि त्याच्याच कप्तानानं त्याला जागीच मारलं. विशेषण माझं होतं, अनघा. पाठ तू करून घेतलंस, पण दिलं मी होतं.

आता कप्तानावर खटला आहे, आणि त्या सैनिकाला काय शिकवलं होतं ते सांगायला पुढच्या महिन्यात तू उभी राहणार आहेस, हेही तेजलकडूनच कळलं. कप्तानाची माणसं अजून बंदुका घेऊन मोकळी फिरतात म्हणे. हे पत्र मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा ‘साक्ष देऊ नकोस’ असं लिहिलं आणि फाडलं. तू साक्ष द्यायलाच हवी. नाहीतर त्या सैन्यात पुन्हा कुणी ‘नाही’ म्हणणार नाही. पण ते तुला मारतील, अशी मला भीती वाटते. दुसरं काही सुचत नाही.

तुझाच,
बाबा