माळ्यावरचा बिस्किटांचा डबा

गुरुवार. नवरात्र तोंडावर आलंय. अण्णा नगर.

बसली एकदाची माळ्याला घडीची शिडी. कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्या वर्षातून एकदाच लागतात, म्हणून त्या मागे आणि प्रवासाच्या बॅगा पुढे, असं मी ठरवूनच टाकलं होतं. तर सासूबाई म्हणाल्या, "आधी मी चढणार." त्यांचे ते गुडघे! तरी चढल्याच. इतकी वर्षं त्या खाली स्टूल धरून उभ्या राहायच्या आणि अप्पा, माझे सासरे, वरून बाहुल्या द्यायचे. अप्पा गेले म्हणून मागच्या वर्षी कोलू मांडलाच नव्हता. माळा आतून कसा आहे, हे सासूबाईंनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"अय्यो, एवढासाच? मग हे तासन्‌तास वर करायचे काय?"

कोपऱ्यात बिस्किटांचा डबा होता. आत एक बारीक ब्रश आणि सुकलेले रंग. बाहुल्यांच्या ओठांचा लाल, साडीच्या काठांचा सोनेरी.

दरवर्षी कोलू बघायला आलेल्या बायकांना सासूबाई ऐकवायच्या, "बाहुल्यांची माझी बांधाबांधच तशी. आजवर एका बाहुलीचा टवका उडालेला नाही." अप्पा शेजारी प्रसादाची हरभऱ्याची उसळ, सुंडल, खात मान डोलवायचे. एवढी वर्षं ते गप्प कसे राहिले असतील?

"लबाड माणूस," एवढंच म्हणाल्या. डोळे मात्र भरलेले.

बाहुल्या पुढेच राहू देत. बॅगांचं बघू.

त्या उतरताना मी म्हटलं, "आई, शिडी दोन्ही हातांनी धरा." त्यांनी एकाच हातानं धरली. दुसऱ्या हातात ब्रश होता. मी ओरडायला हवं होतं. नाही ओरडले.