अर्जदार मीच, हरकतदार मीच

लिहून ठेवणार: उत्तमराव सूर्यभान होले, वय ७६, धंदा शेती, भाजीपाला व समतेवर भाषणे, राहणार मौजे बोरखडी, तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती.

मी हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर व राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, बायको माणिकबाईंचा सोडून. तो बावन्न वर्षांपासून आहे आणि कायदा तो धरत नाही. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माणिकबाईंकडे तसाच दाखला मागितला होता, मिळाला नाही.

कलम १. राहते घर व गट नंबर ११२ मधील पाच एकर जमीन माणिकबाईंच्या हयातीत त्यांची राहील. त्यानंतर मुलगा धर्मेंद्र व मुलगी वर्षाली यांना निम्मी-निम्मी. हे ऐकून धर्मेंद्र म्हणाला, "बाबा, आता घरात बी भाषण सुरू केलं काय?" केले. उशीरच झाला. वर्षालीच्या लग्नाआधी मी तिच्याकडून हक्कसोड लिहून घ्यायला स्टॅम्पपेपर आणला होता आणि त्याच महिन्यात तेल्हाऱ्याला स्त्रीच्या वारसाहक्कावर दीड तास बोललो होतो. स्टॅम्पपेपर माणिकबाईंनी चुलीत घातला, म्हणून आज हे कलम लिहिता येते.

कलम २. सत्काराच्या शाली एकेचाळीस. त्या रात्री शेताच्या राखणीला जाणाऱ्यांना वाटाव्यात. उबेचा भरवसा मी देत नाही. लाऊडस्पीकर शेजारच्या बेबीताईंच्या बचतगटाला द्यावा. त्यांना काहीतरी सांगायचे असते, मला नुसते बोलायचे असायचे.

कलम ३. अकोल्याच्या परिषदेत माझे भाषण पाच मिनिटांत गुंडाळायला लावणाऱ्या संयोजकांना मी माफ केलेले नाही. त्यांना तेरवीला जेवायला बोलवावे, पण बोलू देऊ नये.

कलम ४. (खोडले.) मूळ मजकूर असा होता: 'गट ११२ मधून बौद्ध वस्तीच्या स्मशानभूमीकडे जाणारी दहा फूट रुंद वाट मी गावाला उदार मनाने दान देत आहे.' हे का खोडले ते लिहिणे भाग आहे.

त्या स्मशानभूमीला पूर्वी पांदण होती, म्हणजे गाडी जाईल एवढी वाट. माझे वडील दरवर्षी वखरताना एक तास, म्हणजे वखराची एक ओळ, पांदणीत सरकायचे. पुढे मीही सरकलो. कोणी घेतली असे कधी झालेच नाही. ती बारीक होत गेली आणि एका वर्षी तिथे आमची तूर होती.

तेरा वर्षांपूर्वी वस्तीला वाट मिळावी म्हणून मी आणि देवमन तायडे तहसीलवर मोर्चा घेऊन गेलो. देवमन माझे शाळेपासूनचे सोबती, पोस्टातून निवृत्त. अर्ज माझ्या सहीचा, घोषणा माझ्या घशाच्या. तहसीलदारांनी नकाशा उलगडला तेव्हा पांदण माझ्याच शेतातून निघाली. त्याच आठवड्यात मी वकील लावून हरकत घेतली. एका फायलीत अर्जदार मीच, हरकतदार मीच. कारकून मला पाहिले की विचारायचा, "भाऊ, आज कोणत्या बाजूनं आले?"

पुढे तीन वर्षांनी, जुलै महिन्यात, देवमनच्या आई मैनाबाई वारल्या. चाळीस वर्षे त्यांनी आमच्या याच शेतात निंदण केले होते. शेत पेरलेले होते, म्हणून वस्तीने त्यांना नाल्यातून, कमरेएवढ्या पाण्यातून नेले. मी त्या दिवशी अमरावतीला सामाजिक समतेसाठी शाल घेत होतो. मला याची लाज वाटते. दहा वर्षे वाटली आणि दहा वर्षांत हरकत मागे घेणे मला जमले नाही.

गेल्या महिन्यात हा कागद साक्षीसाठी देवमनच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून कलम ४ दोनदा वाचले.

"भाऊ, पांदण तं सरकारी नकाशात हाय. जे तुमचं नाही ते तुमी दान कसं देऊन राहिले?"

मी म्हटले, "मंग साक्षीचं कसं?"

"हे खोडा, मंग सही करतो. अन् वाट खुली करायले तुमच्या मराची वाट कावून पाहा लागते?"

या महिन्यात दि. ७ रोजी हरकत मागे घेतली. पुढच्या मंगळवारी उभ्या हरभऱ्यात ट्रॅक्टर घालून पांदण मोकळी केली. धर्मेंद्र दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला. सबब कलम ४ मध्ये द्यायला आता माझ्याकडे काही नाही.

कलम ५. माझा देह त्याच पांदणीने वस्तीच्या स्मशानभूमीत नेऊन तिथे अग्नी द्यावा, अशी माझी इच्छा आहे. हे वाचून देवमनचे डोळे भरून येतील असे मला वाटले होते. त्यांनी कागद खाली ठेवला.

"हे माझ्या हातात नाही, भाऊ. वस्तीले विचारा लागते. तिथं माझी माय हाय."

पन्नास वर्षे समता सांगत फिरलो, पण मलाही कोणी नाही म्हणू शकते हे मी कधी धरलेच नव्हते. मी साध्या कागदावर अर्ज दिला आहे. बैठक रविवारी विहारात आहे. मला बोलावलेले नाही, आणि ते बरोबर आहे. नकार आला तर धर्मेंद्रने वाद घालू नये; आपल्या स्मशानभूमीत न्यावे. मृत्युपत्रात कोरी जागा चालत नाही असे वकील म्हणाले. तरीही खालची ओळ मी कोरी सोडली आहे. ती देवमन भरतील.

वस्तीचा निर्णय: ..............................

सही: उत्तमराव सूर्यभान होले

साक्षीदार:
१. देवमन तायडे (कलम ४ खोडल्याचे स्वतः पाहून)
२. बेबीताई राऊत

ठिकाण: दर्यापूर
दिनांक: १७ जानेवारी २०२५