आत कोणी नाही, पपा

प्रिय पपा,

सलाम.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. आज लिहायला बसले, कारण काल दुपारी तुम्हाला शोधत माणसं आली होती. कोथरूडहून, रिक्षाने. नवरा-बायको आणि मधे त्यांची कॉलेजातली मुलगी, ओढणीचं टोक दातांत धरलेली. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, येरवड्याला एक पाळकसाहेब आहेत, भूत काढतात, मारझोड करत नाहीत.

"ते वारले," मी म्हटलं.

मुलीच्या आईने लगेच विचारलं, "मग आता कोण काढतं?"

मी चहा दिला. आपल्या दाविदच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. मुलीचे वडील उठता उठता म्हणाले, "डॉक्टर आमच्या कोथरूडला ढिगाने आहेत हो. आम्ही देवासाठी एवढ्या लांब आलो होतो."

दार लावून घेतलं आणि तुमचा फार राग आला, पपा. स्वतः गेलात, आणि हे सगळं माझ्या दारात ठेवून गेलात!

लहानपणी किती सोपं वाटायचं! आठवडाभर तुम्ही कारखान्यात फिटर, रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये मंडळीचे पाळक. लोहगावची ती भाजीवाली आठवते? दिराने दंडाला धरून ओढत आणली होती. पुरुषी आवाजात ओरडत होती ती. दीर म्हणाला, "लई जुनं हाय हे, पाळकसाहेब. चपलेनं हाणल्याबिगर निघायचं न्हाई."

"सैतानाला मार लागत नसतो," तुम्ही म्हणालात. "लागतो तो हिलाच."

तिला खुर्चीवर बसवलंत, डोक्यावर हात ठेवलात, आणि शेजारच्या माणसाकडे पाना मागावा इतक्या साध्या आवाजात म्हणालात, "येशूच्या नावात सांगतो, नीघ." ती थरथरली, रडली, तिथेच सतरंजीवर झोपली. उठल्यावर चहा मागितला.

घरी येताना मी विचारलं होतं, "पपा, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"हुकूम माझा असता तर वाटली असती. मी नुसता निरोप्या आहे गं. ज्याचा अधिकार, त्याला ते घाबरतं."

केवढा आधार होता त्या बोलण्याचा! जगात वाईट आहे, पण त्याच्यावरही कोणी धनी आहे. मी त्या एका गोष्टीवर निवांत झोपायची.

मग माझ्या पाठच्या दाविदला समोरच्या बिल्डिंगमधली माणसं त्याच्याबद्दल बोलताना ऐकू यायला लागली. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष होतं त्याचं. मम्मी तोवर गेलेली. तो कॉलेजला जाईना, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवून अंधारात बसायचा. तुम्ही उपास धरलात. त्याच्यावर कधी हात उगारला नाहीत, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. पण तुमचा आवाज चढायला लागला. भाजीवालीला एकदाच सांगितलेला शब्द त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा.

त्या सकाळी तुम्ही त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून ओरडत होतात, "नीघ! नीघ याच्यातून!" दाविदने तुमची मनगटं हळूच धरून खाली घेतली.

"पपा, नका ओरडू. आत कोणी नाही. मी एकटाच आहे."

तुम्ही हात सोडवून घेतलेत आणि बाहेर जाऊन बसलात.

दुसऱ्या दिवशी तुम्हीच त्याला डॉक्टरांकडे नेलंत. मंडळीतल्या कितीजणांनी एवढं केलं असतं? गोळ्या सुरू झाल्या. तो शांत झाला, अंगाने सुटला, दिवसभर झोपू लागला. आवाज हळू झाले, गेले नाहीत. गोळ्या बदलल्या, डॉक्टर बदलले. एकदा भाजी निवडताना तुम्ही मला म्हणालात, "आजार म्हणावा तर बरा होत नाही, भूत म्हणावं तर निघत नाही. रूथ, मी याला म्हणू तरी काय?"

"दाविद म्हणा," मी म्हटलं.

तुम्हाला ते उत्तर आवडलं नव्हतं. मला ठाऊक आहे.

एका संध्याकाळी तुम्ही त्याला बायबलातल्या, कबरीत राहणाऱ्या त्या माणसाची गोष्ट सांगत होतात. प्रभूने त्याच्यातली भुतं काढून डुकरांत घातली, तो शुद्धीवर आला, घरी परत गेला. दाविद मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "घरी गेल्यावर काय झालं त्याचं?"

"गावोगाव प्रभूची साक्ष देत फिरला."

"ते नाही हो. त्याला झोप लागायची का? आणि घरच्यांनी दाराला कडी लावून घेतली की आत घेतला?"

मी कुकर लावायला उठले.

आणि सॅमसनकाका! मंडळीतले वडीलधारे म्हणवतात, आणि रविवारची भक्ती सुटल्यावर चारचौघांत बोलले, "जगाची भुतं काढता, पाळकसाहेब. घरात अधिकार चालत नाही वाटतं?" तुम्ही हसलात. घरी येऊन जेवला नाहीत. पुढच्या रविवारी परत लोकांच्या डोक्यावर हात ठेवायला उभे! का पपा? एका रविवारी तरी तिथे उभं राहून सांगायचं होतंत ना, माझ्या घरात होत नाही, माझ्या मुलासाठी मलाही कळत नाही, येऊन बसा आमच्यापाशी. कुणीतरी आलं असतं कदाचित. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मग आम्हीही कुणाशी बोललो नाही.

तुमच्या शेवटच्या दुपारचं सांगायला नको असं वाटतं. पण ते तुमच्याशिवाय बोलणार कुणाशी?

किडन्या गेल्या होत्या. वॉर्डात ऊन आलं होतं. तुम्ही माझा हात घट्ट पकडलात आणि पडद्याकडे बघत म्हणालात, "रूथ, तिथे कोण उभं आहे?" तिथे कोणी नव्हतं. तुमचे दात वाजत होते. जन्मभर दुसऱ्यांच्या भुतांना हुकूम देणारे तुम्ही! मी उठून पडद्यापाशी गेले, तुमच्यासारख्याच साध्या आवाजात येशूचं नाव घेतलं, नीघ म्हटलं. परत येऊन बघितलं तर तुमची भीती तशीच. तसूभरही हलली नव्हती.

तेव्हा दाविद स्टूल ओढून तुमच्या उशाशी बसला. "पपा, मलाही दिसतात. काही करत नाहीत, नुसती उभी राहतात. सवय होते."

तुम्ही मान वळवून त्याच्याकडे बघितलंत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं, त्याच्या आतलं कोणी न शोधता. तुम्ही गेलात तेव्हा तुमचा हात त्याच्या हातात होता. भीती गेली होती का, पपा? मला तोंडावरून काही कळलं नाही.

आता हॉलमध्ये नवा पाळक आहे. चांगला आहे, तरुण आहे, माइकवरून सैतानाला धमकावतो. आम्ही मागच्या बाकावर बसतो. दाविदच्या बाजूची जागा रिकामी राहते. तो मधूनच गोळ्या थुंकतो, आणि मग तीच ती चिकटवलेली वर्तमानपत्रं. डॉक्टर म्हणतात, आहे हे असंच चालणार. मी पन्नाशीला आले, पपा. रोज प्रार्थना करते, पण मागत काही नाही. दात घासावेत तशी करते. 'अधिकार' हा शब्द माझ्या तोंडून आता निघत नाही.

तरी एक वचन देते. जिवंत असेपर्यंत दाविदला कुठल्या आश्रमात टाकणार नाही आणि त्याच्या डोक्यावर ओरडायला कुणाला घरात घेणार नाही. माझ्यानंतरचं वचन मात्र मला देता येत नाही. ते ज्याच्या हातात आहे असं तुम्ही सांगायचात, तो तिथे भेटला असेल तर त्याला विचारा.

आणि तोही गप्पच बसला, तर तेवढं मात्र मला कळू देऊ नका.

तुमची,
रूथ