भिंतीतले बाकडे

आयोवा, १२ ऑक्टोबर १९२६

आदरणीय कॉर्डेलियाताईस धाकट्या वेंडेलचा नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे. तुझ्या भावजयीच्या, ओर्फाच्या, दफनानंतर शेजारणींनी ज्यांतून जेवण आणले ती भांडी घासून ज्यांची त्यांना परत केली. तुझा गुडघा कसा आहे?

हे घर विकून व्हरमाँटला तुझ्याकडे परतावे, असे तू लिहिलेस. माझी तयारी होती. फक्त ओर्फाने स्वतः आखलेले खिडकीखालचे ओकचे बाकडे सोबत आणावे, म्हणून ते बसवणारे सुतार लिंडक्विस्ट यांना बोलावले. ते हसले.

"अहो मास्तर, बाकडं, कपाटं, पुस्तकांच्या फळ्या, सगळं भिंतीतच बसवलंय! बाईंचाच हट्ट होता. बाकडं हवं तर भिंतही न्या. आगगाडीत मावेल का?"

मीही हसलो. ते गेल्यावर, बाकड्यावाचून घर सोडता येते का पाहावे म्हणून ओसरीच्या जाड खांबांपर्यंत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा परत आलो.

हे पत्र त्याच बाकड्यावर बसून लिहीत आहे. येथून चूल, जेवणाचे टेबल, जिना, सारे दिसते. तिने मुद्दाम तसे आखले होते. एकमेकांची नजर चुकवण्यास एकही कोपरा नाही.

ताई, मला येणे जमणार नाही. बर्फ पडण्यापूर्वी तुला येता येईल का? बाकड्यावर दोघांची जागा आहे.

तुझा भाऊ,
वेंडेल