पिंपळी सोडली ती चाल

बारामती,
सोमवार, २३ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुयश,

सप्रेम जय भीम.

आधी वस्तुस्थिती, आणि ती क्रमाने. कारण क्रम मोडला की तू मधलाच एखादा मुद्दा पकडतोस आणि उरलेले सोडून देतोस, हे मी तुझ्या शाळेपासून पाहत आले आहे. पहिली गोष्ट : मी निवृत्त झाले तेव्हा, महाविद्यालयातून आणलेली पुस्तकांची खोकी अजून उघडलीही नव्हती, त्या आठवड्यात तू माझ्या लॅपटॉपवर ‘नवे कोठार’ हा डावपेचांचा खेळ बसवून दिलास. दुसरी : तेव्हापासून आपण दर रविवारी एकमेकांविरुद्ध एकेक चाल खेळत आलो, तू पुण्याहून, मी इथून. तिसरी : गेल्या दिवाळीपासून तुझ्या नावाने येणारी चाल तू खेळत नाहीस. ती एक प्रोग्रॅम खेळतो, आणि तो तूच लिहिला असावास. चौथी : मी रागावलेले नाही. हा चौथा मुद्दा तुझ्या पप्पांना मान्य नाही. पण पत्र माझे आहे.

मी हा खेळ किती अनिच्छेने उघडला होता ते तुला आठवत असेल. मूळ ‘कोठार’ काढणाऱ्या कंपनीने तो केव्हाच वाऱ्यावर सोडला होता, मग त्याच्या चाहत्यांनी तो पहिल्या ओळीपासून स्वतः बांधला आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकला, असे तू सांगितलेस. फुकट म्हणजे सुमार, असे मी तुला ऐकवले होते. पण आठवडाभर नियम वाचल्यावर माझ्या लक्षात आले की पगार न घेणारी ही माणसे माझ्या कित्येक पगारी सहकाऱ्यांपेक्षा काटेकोर आहेत. म्हणून तर मराठी भाषांतराचे काम मी मागून घेतले, आणि पुढे नीरेच्या खोऱ्याचा नकाशाही. इंदापूरच्या पूर्वेला हौसेने डोंगर काढून ठेवणाऱ्या त्या पोलंडच्या स्वयंसेवकाशी मी महिनाभर वाद घातला. तू प्रत्येक पत्र वाचून हसायचास. अखेर डोंगर गेला आणि उजनीचे पाणी आले. बारामती मी घेतली, तुला इंदापूर दिले, आणि मधली गावे ज्याने त्याने जिंकायची असे ठरले.

तुझा खेळ चांगला नव्हता. हे मी आजही मागे घेणार नाही. धान्य साठवायच्या वेळी तू सैन्य हलवायचास, सैन्य हवे तेव्हा बाजार मांडायचास, आणि नकाशाच्या कडेला असलेली पिंपळी काही केल्या सोडायचा नाहीस. पिंपळीला ना कोठार, ना घाट, ना वाट. तरी तिथे तुझे तीन शिपाई कायम उभे. मी दर रविवारी तुझ्या चालीला दहापैकी गुण देत असे, आणि त्या तीन शिपायांचा एक गुण नेमाने कापत असे. चाल पाठवली की तुझा फोन यायचा, पिंपळीच्या आजोबांचा आवाज काढून : “शालन, पिंपळी द्यायाची न्हाय म्हंजे न्हाय! काप किती मार्क कापायचं त्ये!” मग पाऊण तास तू माझ्या चालीची टर उडवायचास, मी तुझ्या चालीची चिरफाड करायची, आणि त्या ओघात तुझ्या ऑफिसात कोण कोणाशी बोलत नाही, खोलीवरच्या पोरांनी कुकरची शिट्टी कुठे हरवली, हे सगळे मला न विचारता कळायचे. विचारून तू कधी काही सांगितले नाहीस. तो तुझा स्वभावच नाही, आणि विचारणे हा माझाही नाही.

दिवाळीनंतर चाली सुधारल्या. पूर्वी तुझी चाल कधी रविवारी रात्री, कधी दोनदा आठवण केल्यावर मंगळवारी यायची. आता ती रविवारी उजाडताच यायला लागली, पण तिच्यामागून येणारा फोन थांबला. धान्य जागच्या जागी, सैन्य जागच्या जागी. मला दहापैकी दहा द्यावे लागू लागले. मग एका रविवारी तुझे तीन शिपाई पिंपळी सोडून कालव्याच्या पुलावर येऊन उभे राहिले. चाल बिनचूक होती. मी स्वतः तुला तीच खेळायला कित्येकदा सांगितले होते. मी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकाला लागले. भाजीत मीठ नाही हे पप्पांनी सांगितल्यावर कळले.

अंदाजावर निष्कर्ष काढणे माझ्या शिस्तीत बसत नाही. म्हणून या महिन्यात मी एक परीक्षा घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून चूक केली. बारामतीच्या वेशीवरचे सगळे सैन्य काढून मी ते लोणी भापकरला बाजार राखायला पाठवले. इतकी मूर्ख चाल पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करणार नाही. चालीखालच्या चिठ्ठीच्या चौकटीत लिहिले, “आज आईचे डोके ठिकाणावर नाही. हवे तेवढे हसून घे.” आणि फोन चार्जिंगला लावून जवळ घेऊन बसले. मला वाटले होते, मी फोन उचलताच तू ओरडशील, “आई, गेलीस कामातून! काय खाल्लंस काय आज?” पुढच्या रविवारी उजाडता उजाडता बारामती पडली. लागतील तेवढेच शिपाई वापरले होते, एकही जास्त नाही. चिठ्ठीची चौकट कोरी. संध्याकाळी तुझा नेहमीचा फोन पप्पांच्या मोबाइलवर आला. जेवलास का, जेवलो. गाडी हळू चालव, हो. मी बाजूलाच होते. तू माझी राजधानी घेतलीस हे तुला ठाऊकही नव्हते.

पप्पांना मी सगळे सांगितले. पाटबंधारे खात्यात इतकी वर्षे काढूनही त्यांनी पिंपळीची बोली सोडलेली नाही, आणि माझी बाजू कधी घेतलेली नाही. ते म्हणाले, “अगं, तू त्येला हर रविवारी पेपर घालणार, मार्क देणार, वर नापास करणार. मग त्यानं कॉपी केली तर बोंबलतीस कशापायी? म्या बी केली असती.” मी म्हटले, हा विनोदाचा विषय नाही. त्यावर ते चहा ढवळत म्हणाले, “इनोद कुठं करतोय? पोरगं तुला टाळतंय बी आन् तुझं मन बी राखतंय. दोन्ही एकदम करायला डोकं लागतं, तुझंच हाय.” मी उठून आत गेले. या माणसाशी वाद घालण्यात मी कधीही जिंकलेले नाही, कारण ते वाद घालतच नाहीत.

आता या पत्राचा मुख्य विषय. ‘नवे कोठार’ बाजूला ठेवून तू खेळावेत असे तीन खेळ मी निवडले आहेत. गेले काही आठवडे मी मोठ्या कंपन्यांचे एकही नाव न घेता, एकेकट्या माणसांनी किंवा चाहत्यांच्या गटांनी बनवलेले जेवढे खेळ सापडले तेवढे तपासले. बहुतेक टाकाऊ निघाले. उरलेल्यांपैकी पहिला ‘पूर आणि नाव’. केरळातल्या एका मुलीने तो एकटीने केला आहे. एका खेळाडूला फक्त नदी दिसते, दुसऱ्याला फक्त नाव. भोवरा कुठे आहे हे एकाने सांगायचे आणि वल्हे दुसऱ्याने मारायचे. चित्रे सामान्य आहेत, पण नियमांत मला एकही फट सापडली नाही. दुसरा ‘उरलेले रूळ’. एका जुन्या रेल्वेच्या खेळाचा हा चाहत्यांनी रचलेला पुढचा भाग. त्यांनी देशोदेशीची स्थानके इतक्या हौसेने उभारली आहेत की त्या भाराने खेळ मधूनच बंद पडतो. महत्त्वाकांक्षा आवाक्याबाहेर गेली की काय होते याचा तो नमुना आहे, आणि तरीही मी तो सुचवते आहे. दोन केबिनमध्ये दोन सिग्नलवाले. तुझ्याकडून सुटलेली गाडी मला दिसत नाही, तू सांगशील तेवढीच मला कळते.

तिसरा घरचा आहे. अंथुर्ण्याची स्वरूपा माझी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी; ती आणि तिचा भाऊ दिग्विजय यांनी ‘शेवटची चारी’ नावाचा खेळ केला आहे. एक खेळाडू कालव्यातून फुटणाऱ्या चारीच्या तोंडाशी, दुसरा शेवटाला. पाणी किती सोडायचे याला नियमच नाही. दोघांनी बोलून ठरवायचे, आणि दिलेला शब्द पाळायचा की मोडायचा हे ज्याचे त्याने पाहायचे. दोघे लॅपटॉप घेऊन घरी आले. स्वरूपाने बसायच्या आतच बजावले, “मॅडम, तुमी नुसतं वाईट काय ते सांगा. चांगलं आमचं आमाला ठावं हाय.” मी सांगितले. पाऊण पान झाले. शेवटाचा खेळाडू जवळजवळ कधीच जिंकत नाही, हा रचनेतला दोष आहे, असे म्हटल्यावर दिग्विजय बहिणीकडे बघून हसला : “मॅडमना एक उन्हाळा आपल्याकडं राहायला न्यायला पायजेल.” तो मुद्दा मी सोडून दिला; पाणी सोडायची कळ पडद्याच्या चुकीच्या बाजूला आहे, हा मात्र सोडला नाही. ते गेल्यावर मी आणि पप्पांनी तो खेळून पाहिला. पप्पा तोंडाशी, मी शेवटाला, माझा ऊस वाळत चाललेला. मी पाणी मागितले तर म्हणतात, “सोडतो की. आधी च्या टाक.” मी चहा टाकला. त्यांनी तरीही पाणी सोडले नाही. म्हणाले, “साखर कमी होती.” त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी हसले, असे पप्पांचे म्हणणे आहे.

या तिन्ही शिफारशींचा निकष मी अजून सांगितलेला नाही. तिन्ही खेळांत दोघांना एकाच वेळी फोन कानाला लावून बोलत राहावे लागते. चाल पाठवून निघून जाता येत नाही. तुझ्या आवाजात बोलणारा प्रोग्रॅमही तू लिहू शकशील, पण तो मला दोन वाक्यांत कळेल, तेव्हा ते कष्ट घेऊ नकोस. आणि हेही वाच : चाली तुझ्या नाहीत, हे मला राजधानी गेल्यावर कळले असे नाही. ते मी दिवाळी सरता सरताच ओळखले होते. परीक्षा घेतली ती माझे ओळखणे खोटे ठरावे म्हणून. ‘नवे कोठार’च्या मंडळींचा नियम आहे की प्रोग्रॅमने खेळणाऱ्याचे नाव कळवायचे आणि डाव बंद करायचा. ते कळवण्याची जबाबदारी आपल्या नकाशापुरती माझीच आहे. मी कळवलेले नाही. नियम मोडून मी हिवाळाभर एका यंत्राशी खेळत बसले, कारण रविवारी सकाळी पडद्यावर “सुयशने चाल केली” असे उमटते, आणि तेवढे तरी उमटावे असे मला वाटत होते. हे यापुढे मला जमणार नाही. तीनपैकी एक खेळ निवड आणि वार कळव. गुण देणे मी थांबवीन असे वचन देत नाही; प्रयत्न करीन. तिन्ही नको असतील, माझ्याबरोबर काहीच खेळायचे नसेल, तर तेही स्पष्ट कळव. ते वाचण्याची माझी तयारी आहे, असे मी गृहीत धरले आहे. फक्त फोनवरचे “हो आई, बघतो” मी उत्तर म्हणून स्वीकारणार नाही, आणि मेसेजही नाही. कागदावर, तुझ्या त्या वाईट अक्षरात, खाडाखोड असली तरी चालेल, खाली सही करून, पोस्टाने. मला लेखी उत्तर हवे आहे.

तुझीच,
आई